बोरिवलीच्या नावाची रानलिली

(धर्मग्रामाच्या जयंतीमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील व्याख्यान)



जयंतीच्या सभेत बोलावयास उभ्या राहणाऱ्या धर्मगुरूकडून श्रोत्यांची अपेक्षा बहुधा ठरलेली असते. मंदिराचा पाया केव्हा घातला गेला, घंटा कोठून आली, कोणत्या साली कोणते धर्मगुरू येथे होते, ही हकिकत त्याने सांगावी. तो इतिहास जयंतीच्या स्मरणिकेत अधिक अधिकारी लेखण्यांनी लिहिला आहे. त्याची पुनरुक्ती करून आपला वेळ घेण्याची आमची इच्छा नाही. आम्ही आज आपणांपुढे एका शेजारणीची हकिकत मांडणार आहोत. ही शेजारीण आपल्या मंदिराहून, आपल्या गावठाणाहून, किंबहुना साष्टीतील सगळ्या वस्त्यांहून जुनी आहे. ती आपल्या गावाचे नाव लावते. आपल्यापैकी पुष्कळांनी तिला बाजारात पाहिले आहे, घरी आणून शिजविलेही आहे. परंतु तिला नावानिशी ओळखणारे फार थोडे. ही शेजारीण म्हणजे पावसाळ्यात आपल्या डोंगरउतारांवर उगवणारी एक लहानशी पांढरी रानलिली होय.

लिली म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वेदीवरील फुले येतात. संत योसेफाच्या हातातील आणि पादुआच्या संत अंतोनीच्या मूर्तीजवळील शुभ्र फुलांची काठी आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. ते फूल भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील मुलखातले. आपल्या रानात ते उगवत नाही. गिरिप्रवचनात प्रभूने ज्या रानफुलांकडे आपल्या शिष्यांचे लक्ष वेधिले, त्यांस मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतरकारांनी ‘भूकमळे’ असा गोड शब्द योजिला आहे. तथापि ते फूल नेमके कोणते याविषयी विद्वानांत एकमत नाही. खऱ्या लिलीच्या रानजाती आपल्या देशात आहेत, पण त्या उंच आणि थंड पर्वतांवर: हिमालयात, मणिपुरच्या डोंगरांत आणि दक्षिणेस निलगिरी व पळणीच्या माथ्यांवर. साष्टीच्या डोंगरात त्यांपैकी एकही नाही.

मग आम्ही आपल्या शेजारणीस लिली कोणत्या अधिकाराने म्हणतो? लिलीचे गोत्र पूर्वी फार मोठे मानीत असत. फुलास सहा पाकळ्या, सहा केसर, तीन कप्प्यांचे फळ आणि जमिनीखाली कंदात किंवा मुळात साठविलेली शिदोरी, अशा लक्षणांवरून जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुष्कळ झाडे लिलीच्या कुळात घातली होती. आपला कांदा, लसूण, कोरफड, शतावरी आणि पावसाळ्यात कुंपणावर ज्वाळेसारखी पेटणारी कळलावी ही सारी त्या एकाच कुळातील भावंडे समजली जात. पुढे वनस्पतींच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासण्याची विद्या प्रगत झाली, तेव्हा या एकत्र कुटुंबाची वाटणी झाली, आणि आपली रानलिली सांप्रत शतावरीच्या कुळात गेली आहे. परंतु भाऊ विभक्त झाले म्हणून चेहऱ्याची ठेवण बदलत नाही. तिचे फूल हातात घेऊन पाहिले तर ती कोणत्या जुन्या घराण्यातील आहे हे सांगण्यास पंडिताची गरज नाही.

तिचे शास्त्रीय नाव ‘क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम’ असे आहे. पहिला शब्द ग्रीक भाषेतील असून त्याचा अर्थ ‘हिरवे झाड’ इतकाच आहे. या वर्गात सुमारे २०० जाती असून त्यांतील बहुतेक आफ्रिका खंडातील आहेत. त्यांपैकी एक आफ्रिकी जात आपल्याकडील कित्येक घरांच्या गॅलरीत कुंडीमध्ये नांदत असते. हिरव्या पात्यांवर पांढरे पट्टे असलेली, जिला बागवान ‘स्पायडर प्लांट’ म्हणून विकतात, ती हीच. म्हणजे आफ्रिकेतील चुलतबहिणीस आपण घरात जागा दिली आहे आणि गावची बहीण डोंगरावर उभी आहे. नावाचा दुसरा शब्द लॅटिन वळणाचा आहे. सेमिनरीत ज्यांनी लॅटिनचा अभ्यास केला आहे त्यांस त्याचा अर्थ लावणे कठीण नाही. स्थळाच्या नावास असा प्रत्यय लागला म्हणजे ‘तेथील’ असा अर्थ होतो. आपल्या भाषेत या शब्दाचे भाषांतर एकाच शब्दात करता येईल: ‘बोरिवलीकर’.

हे नाव तिला कोणी दिले हे ऐकून आपणांस आनंद वाटेल. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात येशूसंघाच्या धर्मगुरूंनी वनस्पतिशास्त्राची एक मोठी परंपरा निर्माण केली. स्वित्झर्लंडहून आलेले फादर एथेलबर्ट ब्लाटर (१८७७ ते १९३४) यांनी तेथे वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह उभारला. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अशा संग्रहात प्रत्येक झाडाची डहाळी कागदावर दाबून, चिकटवून, ती कोठे, केव्हा आणि कोणास सापडली याची नोंद करून ठेवलेली असते. ब्लाटर यांच्यानंतर त्या परंपरेत फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ आले. त्यांचा जन्म १९०३ साली स्पेन देशात झाला. त्यांनी आपली हयात हिंदुस्थानातील झाडाझुडपांच्या अभ्यासात वेचिली. खंडाळा आणि पुरंदर येथील वनस्पतींवर त्यांनी ग्रंथ लिहिले; पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी संस्थेचे ते प्रमुख झाले. १९६७ साली त्यांस पद्मश्री हा किताब मिळाला आणि १९७० साली मुंबईतच त्यांचे देहावसान झाले.

या सांतापाऊ यांनी आपले सहकारी आर. आर. फर्नांडिस यांच्यासह १९५५ च्या सुमारास आपल्या रानलिलीचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तत्पूर्वी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर थोर ग्रंथ झाले नव्हते असे नाही. थिओडोर कुक यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला होता आणि तो आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. परंतु आपल्या लिलीस वेगळे नाव त्यात नाही. तिची एक जवळची बहीण, थोराड फुलांची, पूर्वीपासून ग्रंथांत होती. दोघींची पाने कोवळेपणी सारखीच दिसतात. त्यांतील भेद जमिनीखाली आहे. थोरल्या बहिणीची मुळे दोऱ्यासारखी बारीक लांब जातात आणि त्यांच्या टोकाशी गाठी लोंबतात. आपल्या लिलीची मुळे मात्र खोडाच्या चकतीपासूनच जाड होऊन, हाताच्या बोटांसारखी झुबक्याने खाली उतरतात. नवी जात ठरविणे म्हणजे अशा भेदांचा पुरावा गोळा करणे, जुन्या नमुन्यांशी तो ताडून पाहणे, त्या काळच्या नियमाप्रमाणे लॅटिन भाषेत वर्णन लिहिणे आणि मूळ नमुना संग्रहात सुरक्षित ठेवणे. हे सर्व झाल्यावर ‘बोरिवलीकर’ हा शब्द जगातील सर्व भाषांच्या वनस्पतिग्रंथांत गेला. आपल्या गावाची कीर्ती कान्हेरीच्या आणि मंडपेश्वरच्या लेण्यांनी पूर्वीच झाली होती. पण लेण्यांस आपले गाव सोडून जाता येत नाही. हे फूल मात्र जेथे जेथे अभ्यासले जाते तेथे तेथे बोरिवलीचे नाव घेतल्याशिवाय त्याचा उल्लेख होत नाही.

आता तिची दिनचर्या, किंवा वर्षचर्या म्हणू, थोडक्यात सांगतो. उन्हाळ्यात ती दिसतच नाही. वणव्याची धग, गुरांच्या टापा, वैशाखातील भेगाळलेली जमीन, हे सर्व तिच्या डोक्यावरून जाते आणि ती खाली मुळांत साठविलेल्या अन्नावर निजून असते. मृगाचा पाऊस पडला की काही दिवसांतच पात्यांचा हिरवा झुबका जमिनीला लागून पसरतो. आषाढ श्रावणात मधून एक दांडी वर येते आणि तिच्यावर खालून वर क्रमाने पांढरी फुले उमलतात. फूल आपल्या करंगळीच्या टोकावर मावेल एवढे. पाकळ्या सहा, मधले केसर पिवळे. एका फुलाचे आयुष्य एका दिवसाचे. दांडीवर रोज थोडी थोडी फुले उमलत राहतात म्हणून पाहणाऱ्यास वाटते की ती टिकून आहेत. मग तीन धारांची लहान फळे धरतात. त्यांत काळे बारीक बी असते. पावसाळा सरता सरता पाने पिवळी पडून गळतात, आणि पुढच्या मृगापर्यंत पुन्हा निद्रा. चार महिन्यांत जे मिळवावयाचे ते मिळवून आठ महिने त्यावर काढावयाचे, असा तिचा संसार आहे.

बंधुभगिनींनो, या संसाराशी आपल्या स्वयंपाकघराचा जुना संबंध आहे. पहिला पाऊस पडल्यावर उपनगरांतील बाजारांच्या कडेला ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांतील डोंगरपाड्यांवरील वारली, कातकरी आणि मल्हार कोळी भगिनी रानभाज्यांच्या जुड्या घेऊन बसतात. त्यांत टाकळा असतो, शेवळे असतात, आणि गवतासारख्या लांब पात्यांची, बुंध्याशी पांढरी असलेली फोडशी असते. तिलाच कोणी कुळी म्हणतात. फोडशी म्हणून जी पाने येतात ती या वर्गातील दोनचार जातींची असतात, आणि आपली लिली त्यांपैकीच एक. ही भाजी निवडण्याची रीत आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस ठाऊक आहे: पात्यांच्या मधला कडक दांडा काढून टाकावयाचा, पात्यांच्या खोबणीत अडकलेली माती दोनतीन पाण्यांनी धुवावयाची, मग बारीक चिरून कांद्यावर परतावयाची. कोणी तिच्यात मुगाची डाळ घालते, कोणी चण्याचे पीठ लावते, कोणी मूठभर जवळा टाकते.

या रीतीत एक शहाणपण दडलेले आहे, त्याकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. फोडशी म्हणजे पाने. पाने खुडली आणि मूळ जमिनीत राहिले तर झाड मरत नाही; साठविलेल्या शिदोरीतून ते पुन्हा पाने काढते. पावसाचे आरंभीचे काही दिवस भाजी खावयाची आणि पाने जून झाली की तिच्या वाटेस जावयाचे नाही, हा नियम कोणत्याही सरकारने केला नव्हता. जून पानांस चव नसते, एवढ्यावरच तो चालत होता. त्यामुळे तीच भाजी त्याच उतारावर आजीने खुडली, आईने खुडली आणि लेकीनेही खुडली.

परंतु या झाडास आणखी एक नाव आहे, आणि त्या नावाने त्याच्यावर संकट आणिले. ते नाव ‘सफेद मुसळी’. बोटांसारखी ती मुळे सोलून वाळविली म्हणजे पांढरीशुभ्र होतात. आयुर्वेदात मुसळी बल्य मानली आहे. अशक्तपणावर आणि पौरुषवृद्धीसाठी ती पाकांत व चूर्णांत घालतात. तिच्या गुणांविषयी वैद्यांनी बोलावे, आमचा तो अधिकार नव्हे. आमचे म्हणणे तिच्या किमतीविषयी आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस शक्तिवर्धक औषधांचा व्यापार वाढला, मुसळीस चढा भाव आला, आणि व्यापाऱ्यांची मागणी गुजरात, राजस्थान, मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र येथील डोंगरांपर्यंत पोहोचली. पाने खुडणाऱ्या हातांत कुदळ आली. चारपाच किलो ओली मुळे सोलून वाळवावी तेव्हा सुमारे एक किलो मुसळी मिळते. रानातील एका झाडाखाली बोटे किती निघणार? पाचसात, फार तर पंधरावीस. तेव्हा एका किलोसाठी किती झाडे उपटावी लागत असतील याचा हिशेब आपणच करावा.

आता या उपटण्यातील खरे मर्म ऐका, कारण पुष्कळांस ते ठाऊक नसते. मुसळीच्या बोटांस स्वतः कोंब येत नाही. कोंबाचा डोळा बोटांच्या वर, जेथे सर्व मुळे एकत्र येतात त्या चकतीत असतो. बोटाला चकतीचा तुकडा लागून असेल तर ते रुजते. नुसते बोट पेरले तर ते कुजते. म्हणून शेतकरी लागवडीसाठी चकतीसह बोटे वेगळी करतो. रानात मात्र घाईने सारे झाड उपटले जाते आणि जिच्यापासून नवे झाड झाले असते ती चकती कचऱ्यात जाते. मग निदान बियांवर तरी भिस्त ठेवावी, तर मुसळीचे बी रुजण्यास अत्यंत अवघड. शेकडा फारच थोडे उगवते. शिवाय खणणाऱ्यास झाड दिसते ते पानांवरून. पाने पिवळी पडून गळाली की उतारावर ते कोठे आहे हे कळत नाही. म्हणून खणणे होते ते पाने हिरवी असताना, म्हणजेच बी पिकून जमिनीवर पडण्यापूर्वी. अशा रीतीने मूळ, डोळा आणि बी ही तिन्ही एकाच घावात जातात. वनौषधींच्या जाणकारांनी या जातीची गणना संकटात सापडलेल्या वनस्पतींत केली आहे, त्याचे कारण हे आहे.

या दुष्कृत्याचा दोष आम्ही कुदळ धरणाऱ्या गरिबाच्या माथी मारणार नाही. भात लावून झाल्यावर आणि पीक हाती येण्यापूर्वी डोंगरपाड्यांवर हाताला काम नसते आणि कणगीत दाणा नसतो. नेमक्या त्याच दिवसांत मुसळी जमिनीवर दिसते. टोपलीभर मुळांस त्याला जे मिळते आणि शहरातील बरणीवर जी किंमत छापलेली असते, त्यांतील अंतर मोठे आहे. ज्याने बरणी विकत घेतली त्याने कुदळीस दिशा दिली, हे विसरता येत नाही.

यावर उपाय म्हणून मुसळीची शेती सुरू झाली. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने लागवडीस उत्तेजन देण्यासाठी ज्या ३२ वनस्पती आरंभी निवडल्या त्यांत सफेद मुसळी होती. रानावरील भार उतरविण्याचा हाच सरळ मार्ग आहे, यात शंका नाही. पण त्यातही माणसाचा लोभ शिरला. ‘पांढरे सोने’ अशी जाहिरात झाली, बेण्याचे भाव गगनाला भिडले, कित्येक शेतकऱ्यांनी कर्ज काढून लागवड केली आणि माल हाती आला तेव्हा तो घेणारे दिसेनासे झाले. हे पीक निचऱ्याची जमीन मागते. पाणी साचले की मुळे कुजतात. खणणे, सोलणे, वाळविणे हे सर्व हातांनी करावयाचे असल्याने मजुरी पुष्कळ लागते. जे धीराने आणि हिशेबाने करतात त्यांचे ते चालते. तात्पर्य इतकेच की शेतातील मुसळी रानातील मुसळीस वाचवू शकते, परंतु घेणाऱ्याने ‘ही शेतातली की रानातली’ हा प्रश्न विचारला तरच.

येथे एका दूरच्या डोंगराची गोष्ट सांगणे उपयोगी होईल. मणिपुर राज्यात उखरुलजवळ शिरुई नावाचा डोंगर आहे. तेथे एक खरी लिली उगवते. तिची खाली झुकलेली घंटेसारखी फुले फिकट गुलाबी रंगाची असतात. १९४६ साली फ्रँक किंग्डन-वॉर्ड या इंग्रज वनस्पतिसंशोधकाने ती जगाच्या नजरेस आणली आणि तिच्या शास्त्रीय नावात त्यांच्या पत्नीचे माहेरचे नाव गोविले गेले. पण लोकांनी ते नाव मनावर घेतले नाही. ते तिला ‘शिरुई लिली’ असेच म्हणतात. त्या भागातील तांगखुल नागा लोकांस तिचा अभिमान आहे. ती मणिपुरचे राज्यपुष्प झाली आणि २०१७ पासून तिच्या नावाने राज्याचा उत्सव होऊ लागला. त्या लिलीसही संकटे आहेत; परंतु तिच्यासाठी बोलणारे लोक आहेत, कारण त्यांस ती आपली वाटते. तेथे परक्याचे नाव असलेल्या फुलास लोकांनी आपल्या डोंगराचे नाव दिले. येथे शास्त्रज्ञांनी आपल्या गावाचे नाव फुलास दिले आणि गावास त्याचा पत्ता नाही.

आपला डोंगर शिरुईएवढा उंच नाही. त्याचे सर्वांत उंच शिखर जांभुळमाळ, ते समुद्रसपाटीपासून ४६८ मीटर. परंतु त्याच्या पश्चिमेस बोरिवली आणि पूर्वेस मुलुंड अशी दाट वस्ती असताना मध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटर रान अजून उभे आहे. त्यास आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात. १८६० साली पुरा झालेला विहार तलाव आणि १८७९ सालचा तुळशी तलाव याच डोंगराच्या कुशीत आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानातून झाड उपटणे, तोडणे किंवा बाहेर नेणे हा गुन्हा आहे. कायदा आहे ही गोष्ट चांगली. पण करंगळीएवढ्या फुलावर प्रत्येक उतारी शिपाई उभा करता येत नाही. ज्याचे नाव आपणांस ठाऊक नाही ते नाहीसे झाले तर त्याची चौकशी कोण करणार? बिबळ्या दिसला तर सारे उपनगर बोलते. फोडशीचा एक उतार उजाड झाला तर त्याची बातमी होत नाही.

कोणी म्हणेल, धर्मगुरूने याची उठाठेव का करावी? आम्ही उत्तर देतो की ज्यांनी या लिलीस नाव दिले ते धर्मगुरूच होते. वेदीवरील सेवा आणि रानातील अभ्यास यांत त्यांस विरोध दिसला नाही. निर्मात्याची स्तुती करावयाची तर त्याने काय निर्माण केले हे पाहण्याचे कष्ट घ्यावे, इतका साधा तो विचार आहे. आणि आपण धर्मग्रामस्थ स्वतः नावाचे महत्त्व जाणणारे लोक आहोत. बाप्तिस्म्याच्या वेळी बालकास नाव देतो तेव्हा त्याच्या सांभाळाची जबाबदारीही मायबाप आणि धर्ममातापिता उचलतात. आपल्या गावाचे नाव ज्यास दिले गेले त्याच्याविषयी आपणांवर काहीच ऋण नाही, असे म्हणणे आपणांस शोभणार नाही.

तर मग करावयाचे काय? मोठ्या गोष्टी आम्ही सुचवीत नाही. पहिली गोष्ट ही की आपल्या मुलांस तिची ओळख करून द्यावी. श्रावणात उद्यानाच्या परवानगीच्या वाटेवर जाणकारांबरोबर त्यांस न्यावे, फूल दाखवावे, हात लावू देऊ नये, आणि सांगावे की ही बोरिवलीकर. दुसरी गोष्ट, फोडशी अवश्य खावी. ती विकणाऱ्या भगिनींशी घासाघीस करू नये, कारण पानांस योग्य दाम मिळाले तर मुळांवर कुदळ चालविण्याची गरज कमी होते. जुडी घेताना तिला मूळ लागून आले आहे काय हे पाहावे, आणि आले असेल तर ‘बाई, मूळ राहू दे, म्हणजे पुढच्या वर्षी भाजी मिळेल’ असे प्रेमाने सांगावे. बहुधा तिला ते आपल्याहून अधिक ठाऊक असते. आपण विचारतो आहोत, इतके कळले तरी पुरे. तिसरी गोष्ट, वैद्याच्या सल्ल्याने ज्यास मुसळी घ्यावयाची असेल त्याने ती लागवडीची आहे याची खात्री करून घ्यावी, आणि नुसत्या जाहिरातीवर भुलून तर ती घेऊच नये. चौथी गोष्ट आपल्या मंदिराच्या आवारापुरती. तेथे जयंतीची आठवण म्हणून एक लहान वाफा करावा, जमीन थोडी उंच ठेवून पाण्याचा निचरा करावा, आणि रानातून एकही रोप न आणता रोपवाटिकेतील चकतीसह बोटे आणून मृगात लावावी. त्यास खर्च अल्प आहे. आश्विनात पाने गळाली की ‘मेली’ असे समजून कोणी वाफा खणू नये, एवढी सूचना मात्र माळ्यास द्यावी.

जयंतीच्या दिवशी आपण मागे पाहतो तसे पुढेही पाहावे. आपली नातवंडे पुढील जयंती साजरी करतील तेव्हा या डोंगराभोवती इमारती किती उंच झालेल्या असतील, हे आज कोणास सांगता यावयाचे नाही. ग्रंथांत तर ‘बोरिव्हिलियानम’ हा शब्द त्या वेळीही राहील. ग्रंथांतील नावे सहसा पुसली जात नाहीत. त्या नावाचे झाड बोरिवलीच्या डोंगरावर असेल की केवळ संग्रहालयातील कागदावर चिकटलेले असेल, हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पुष्कळ अंशी आपल्या पिढीच्या हाती आहे. परमेश्वराने ज्या उतारावर तिला रुजविले त्याच उतारावर ती दर मृगात उगवत राहो, तिची पाने आपल्या ताटात येवोत आणि मुळे मातीतच राहोत, अशी प्रार्थना करून आणि आपणा सर्वांस जयंतीच्या शुभेच्छा देऊन आम्ही आपली रजा घेतो.